रानीखेतची शेजारीण आणि उरणचे बोंबील

॥ श्री ॥

रानीखेत, जानेवारी १९६१

तीर्थस्वरूप भामावहिनी यांसी,

धाकट्या जावेचं डोकं तुमच्या पायांवर आहे असं समजावं. डोक्यावर सध्या एक सुती रुमाल, त्यावर लोकरीचा टोप आणि त्यावर पदर असा सरंजाम असल्यामुळे नमस्कार तुम्हाला लागणार नाही, लागलाच तर मऊ लागेल. सासूबाईंनाही तसाच एक. त्यांचे गुडघे कसे आहेत? महादेवदादांच्या मिठागरात यंदा मीठ धरलं का, की खाडीनं पुन्हा बांध नेला? पनवेलला दुपारी अजून पदरानं वारा घ्यावा लागतो असं तुम्ही लिहिलंत. ते वाचून मी तुमचं पत्र थोडा वेळ छातीशी धरून बसले. त्यात थोडी ऊब शिल्लक असेल असं वाटलं. नव्हती.

पत्राच्या शेवटी सासूबाईंनी तुमच्याकडून लिहवून घेतलेला प्रश्न वाचला. "शकूला ईचार, थंडी हाय म्हंजे केवढी हाय?" प्रश्न योग्य आहे. उरणला माझ्या माहेरी थंडी म्हणजे सकाळी उठल्यावर पायाला जमीन गार लागते ती, आणि पनवेलला तुमच्याकडे आल्यावर तर तेवढीही लागेनाशी झाली. तर ऐका. इथं खोबरेल तेल बाटलीतून आपण होऊन येत नाही, त्याला चुलीशेजारी बसवून, मनधरणी करून काढावं लागतं. सकाळी नळाला पाणी असतं, पण त्याचा दगड झालेला असतो. आल्या आल्या मी एक नऊवारी धुऊन दोरीवर टाकली आणि दुपारी काढायला गेले, तर ती पत्र्यासारखी ताठ. घडी घालावी तर मोडेल की काय असं वाटलं. शेवटी बिजागरीतून काढलेलं दार न्यावं तशी काखेत आडवी धरून घरात आणली आणि भिंतीला टेकवून ठेवली. संध्याकाळपर्यंत ती हळूहळू गुडघ्यांत वाकली आणि मग जमिनीवर बसली. (तुमचे दीर ड्यूटीवर होते. घरात कुणीतरी पाहुणी आल्यासारखं वाटलं.)

तुमच्या दिरांविषयी तुम्हाला मी नवं काय सांगणार? लग्न झाल्यापासून मी पनवेलला तुमच्या हाताखाली आणि ते फौजेत, त्यामुळे एका घरात सलग राहण्याची आम्हा दोघांचीही ही पहिलीच वेळ. कार्तिकात त्यांना क्वार्टर मिळालं, ते रजेवर आले, आणि कल्याणहून गाडीत बसल्यावर त्यांनी माझ्याशी केलेलं पहिलं बोलणं असं होतं, "तिकडं थंडीला घाबरायचं नाय." मी म्हटलं, घाबरत नाही, पण वाजेल. त्यावर बराच विचार करून ते म्हणाले, "फौजेत थंडी वाजत नाय. थंडी असते." तिथून काठगोदाम येईपर्यंत मी या वाक्याचा अर्थ लावत होते. काठगोदामहून मोटार डोंगरात जी वळायला लागली, तिच्यात मला पोटातल्या सगळ्याच गोष्टींचा अर्थ लागला. (मोटारीतली सगळी माणसं अशा वेळी दुसरीकडे बघतात. फार सभ्य प्रांत आहे.)

क्वार्टर म्हणजे एक खोली, मागं मोरी, वर पत्रा, पत्र्याखाली फळ्या. अशा खोल्या एका ओळीत, आणि दोन घरांत मिळून एकच भिंत. आपल्या पनवेलच्या घरी कौलांमधून वारा येतो, फटींतून येतो, दार तर झोपेपर्यंत उघडंच असतं. इथं खिडकीला काच. खिडकीतून बाहेर बघायचं, पण बाहेरचं काही आत घ्यायचं नाही, हे मला पहिले काही दिवस माणुसकीला सोडून वाटलं. मग एक दिवस सकाळी दार उघडलं तर सगळं अंगण, पायऱ्या, पाण्याचं पिंप, समोरच्या घराचा पत्रा पांढराफेक. मिठागरवाल्यांच्या घरची सून मी. मनात पहिला विचार आला तो हा, की एवढं मीठ उघड्यावर कुणी टाकलं, आणि आता पाऊस आला म्हणजे? बोटावर घेऊन चाखलं. आळणी. एवढं पांढरं, एवढं सगळीकडे, आणि आळणी! दादांना सांगा, असा माल बाजारात आला तर घेऊ नका.

आता शेजार. भिंतीपलीकडे शांती नावाची बाई राहते. रोहतकजवळच्या खेड्यातली, जाटाची. तिचा नवरा तुमच्या दिरांच्याच युनिटात. ती उंच, माझ्याहून वयानं थोडी मोठी, आणि पिंपभर पाणी एका दमात उचलणारी. आपल्याकडे थोडी मोठी, पण काकी म्हणण्याइतकी मोठी नसलेली बाई दिसली की आपण काय म्हणतो? मीही तेच म्हटलं. पहिल्याच दिवशी पुढं होऊन, अगदी आदरानं, "ताई" अशी हाक मारली. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं मागं कुणीतरी पडलं. "मैं तन्ने ताई दीखूं सूं?" एवढं बोलून ती आत गेली आणि तिनं दार लावलं. मला वाटलं आवाज पोचला नसेल. म्हणून दुसऱ्या दिवशी नळावर, सगळ्या बायकांसमोर, मोठ्यानं म्हटलं. बायका हसल्या. शांतीनं माझी बादली नळाखालून काढून लांब ठेवली.

पुढं बरेच दिवस मी तिला ताई म्हणत होते आणि ती माझं काही ना काही उचलून लांब ठेवत होती. तिच्या मुलखात बापाच्या थोरल्या भावाच्या म्हाताऱ्या बायकोला ताई म्हणतात, हे मला कुणी सांगितलंच नाही. तुमच्या दिरांना माहीत होतं. नंतर विचारलं, तेव्हा म्हणाले, "मला वाटलं तुला ठाव हाय, म्हणून म्हणतेस." (म्हणजे त्यांना वाटत होतं की बायको मुद्दामच शेजारणीला म्हातारी म्हणून चिडवते आहे, आणि तरी ते गप्प बसले. त्यांच्या गप्प बसण्याला किती कप्पे आहेत, ते मला अजून पुरते मोजता आलेले नाहीत.)

भांडणाचं दुसरं कारण बोंबील. माझ्या आईनं उरणहून निघताना डबाभर सुके बोंबील भरून दिले होते. शांती शाकाहारी, आणि तीही साधी नव्हे. अंड्याचं नाव काढलं तरी चूळ भरणारी. मी बोंबील भाजले की ती भिंतीवर पलीकडून लाटणं आपटायची. मीही इकडून एकदा आपटलं. त्यावर बरेच दिवस आमचं दोघींचं बोलणं लाटण्यानंच चाललं, आणि ते नळावरच्या बोलण्यापेक्षा बरं होतं. निदान अर्थ समजत होता.

त्यानंतर जे झालं ते सांगते. घाबरू नका, मी धडधाकट आहे, नाहीतर हे पत्र दुसऱ्या कुणाच्या अक्षरात आलं असतं.

तुमचे दीर कॅम्पवर गेले होते. जाताना त्यांनी सिगडीविषयी सांगितलं होतं. कोळसा बाहेर पेटव. धूर गेला की आत आण. खिडकी फटभर उघडी ठेव. पण ते एका वेळी दोन वाक्यांच्या वर बोलत नाहीत ही माझी खात्री झालेली, त्यामुळे तिसरं वाक्य आलं तोवर मी ऐकणं थांबवलं होतं. त्या दिवशी सकाळपासून बर्फ पडत होतं आणि वारा असा, की काचेच्या कडेनं शीळ घालत आत यायचा. मी मनात म्हटलं, आज तुला बघतेच. दाराखालच्या फटीत तुमच्या दिरांच्या पायाला गुंडाळायच्या जुन्या लोकरी पट्ट्या कोंबल्या. खिडकीच्या कडा भिजवलेल्या कणकेनं लिंपल्या. (कणीक चांगली मळली होती. उगीच सांगते, पण मळली होती.) सिगडी बाहेर फुलवली, निखारे लाल झाल्यावर आत आणली आणि दार लावून घेतलं. इथं आल्यापासून पहिल्यांदा मला टोप काढावासा वाटला. काढला. मग स्वेटर काढला. मग वाटलं, एवढं सुख आहे तर जेवणही तसंच असावं. डबा उघडला आणि निखाऱ्यावर बोंबील टाकले.

वहिनी, तो वास बंद खोलीत असा फिरला की मी उरणच्या बाजारात उभी. डोकं थोडं जड झालं. मला वाटलं, माहेरची आठवण आली की होतं. पोटात ढवळलं. वाटलं, रिकाम्या पोटी मळमळतं आहे. जरा पडावं म्हणून तिथंच घोंगडीवर आडवी झाले. मला मुळीच वाईट वाटत नव्हतं. इतकं बरं वाटत होतं की बोंबील करपतायत हे दिसत होतं आणि करपू देत असं वाटत होतं. मी कधी मासळी करपू दिली आहे का? तेव्हाच कळायला हवं होतं.

मग भिंतीवर लाटणं वाजलं. मला उठून उत्तर द्यायचं होतं, पण हात माझा नसल्यासारखा नुसता पडून राहिला. पुन्हा वाजलं. मग थांबलं. मग दारावर थाप बसली, "ए मराठण! किवाड खोल!" शांती भांडायला आली होती. मला आठवतं, मी मनातल्या मनात तिला म्हणाले, की थांब, उठले की तुला दाखवते. आणि मग उठावं असं काही वाटेना. तिनं दारावर लाथा घातल्या, मला तिच्या भाषेतलं जे येतं ते आणि जे येत नाही ते सगळं ऐकवलं. आणि मग ती एकदम गप्प झाली.

त्यानंतर काच फुटली. कोळसा फोडायचा हातोडा होता तिच्या हातात. फुटक्या काचेतून हात घालून तिनं खिटी काढली, खिडकीतून आत उतरली, माझी वेणी धरली आणि मला पोत्यासारखं ओढत दाराशी नेलं. दार उघडून बाहेर बर्फात फेकलं आणि थोबाडीत मारायला लागली. थंडी लागल्याचं कळलं, मार लागल्याचं कळलं, वर तिचं तोंड दिसलं. मी जीव गोळा करून म्हटलं, "ताई." तिनं आणखी एक दिली.

मग ती खाली बसली, बर्फातच, आणि रडायला लागली. "मन्ने सोच्या तू मर गी." हुंदके देत देत एवढंच म्हणत होती. मला ओकाऱ्या होत होत्या आणि ती माझी पाठ चोळत होती. तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत काचेनं चिरलं होतं, ते तिला माझ्या लक्षात आल्यावर दिसलं. तिच्या घरी नेऊन तिनं मला गरम दूध पाजलं, दार सताड उघडं ठेवून, वारा सगळा आत. तिथं तिनं सांगितलं. मागच्या ठाण्यावर तिच्या शेजारी एक बाई होती, अशीच दक्षिणेकडची, अशीच गरम मुलखातली. तिनंही थंडीला आत येऊ द्यायचं नाही म्हणून सगळं बंद करून सिगडी ठेवली होती. जवळ तिची दोन मुलं. "वे तो उठे ही कोनी," शांती म्हणाली, म्हणजे ती उठलीच नाहीत. त्यांच्या घरातून काहीच वास आला नव्हता. कोळशाच्या त्या विषाला वास नसतो, रंग नसतो, काही नसतं. माझ्या खोलीतून बोंबलाचा वास आला, म्हणून ती भांडायला आली.

मग मी तिचा हात पुसला आणि हळद दाबली.

पुढचं सगळं नेहमीचं. मेजरसाहेबांच्या बाईसाहेबांनी लाइनीतल्या सगळ्या बायकांना बोलावून सिगडीवर भाषण केलं. मला पुढं उभं केलं होतं. लसीकरणाच्या वेळी फुगलेला दंड दाखवतात तसं. "इनकी तरह मत कीजिए," असं त्यांनी माझ्याकडे हात करून फार गोड आवाजात सांगितलं. बायकांनी माना डोलावल्या. आता मी नळावर गेले की मला जागा मिळते. रानीखेतमध्ये माझी ओळख म्हणजे जी करू नये ती बाई, आणि आल्यापासून इतक्या लवकर एवढी ओळख होते म्हणजे बरंच आहे.

तुमचे दीर कॅम्पवरून आले तेव्हा वाटेतच त्यांना चौघांनी तरी सांगितलं असावं. घरात शिरले, माझ्याकडे बघितलं, "जेवलीस?" म्हणाले. मग खिडकीची सुकलेली कणीक चाकूनं खरवडून काढली. फुटलेल्या काचेच्या जागी नवी काच मिळत होती, ती घेतली नाही. शेजारची शाबूत होती तीही काढून ठेवली. आता आमच्या खोलीत बाहेर असते तेवढी थंडी असते, वर घराची आपली वेगळी. मग बसून बूट पॉलिश करायला लागले. दुपारभर एकाच बुटाला पॉलिश करत होते. दुसरा तसाच पडून राहिला. मी चहा नेऊन ठेवला तेव्हा मान वर न करता म्हणाले, "तिसरं वाक्य पहिलं सांगायला पायजे होतं." लग्नानंतर त्यांनी माझ्याशी केलेलं हे सगळ्यात लांब बोलणं नसेल, पण मी तरी तेच धरून चालते.

शांतीला आता मी "बेबे" म्हणते. तिच्याकडे थोरल्या बहिणीला तसं म्हणतात. (म्हणताना शेळीला हाक मारल्यासारखं वाटतं, पण ती खूश होते.) ती मला अजून मराठणच म्हणते. बोंबील भाजायचे असले की आधी सांगायचं, असं ठरलं आहे. मग ती नाकाला ओढणी बांधून दारात येऊन उभी राहते. खिडकी उघडी आहे ना ते बघते, चूळ भरते आणि जाते.

शाई बाटलीत घट्ट व्हायला लागली आहे आणि बोटांना टाक कुठं संपतो आणि आपण कुठं सुरू होतो ते कळेनासं झालं आहे, तेव्हा आवरतं घेते. घरातल्या मोठ्यांसमोर मी वाकले असं समजावं आणि लहानांच्या डोक्यावरून माझ्या वतीनं तुम्ही हात फिरवावा. तुमचा हात गरम असेल.

तुमची धाकटी जाऊ,
शकू

ता. क. पत्र सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवाल, तेव्हा सिगडीचा भाग गाळा. शेजारीण भांडकुदळ आहे पण मनानं चांगली आहे, एवढं वाचून एकदम नमस्कारावर या. मधे ठसका लागल्यासारखं केलंत तर त्यांच्या लक्षात येणार नाही.

आणखी एक ता. क. हा कागद वेगळा ठेवा, तो फक्त तुमच्यासाठी आहे. चैत्रात यांचं युनिट वर सरहद्दीकडे रस्त्यांच्या कामाला जायचं आहे. तिथं बायकांना नेत नाहीत. परत कधी, ते कुणी सांगत नाही. तुमचे दीर दोन-चार दिवसांत घरी तसं लिहितील, आणि मला न्यायला या असं दादांना कळवतील. ते पत्र पोचायच्या आधी हे पोचावं म्हणून घाईनं लिहायला बसले होते, पण वर बघता ना, कुठल्या कुठं गेले. वहिनी, दादा पिशवी भरायला लागले की त्यांना थांबवा. मागं राहणाऱ्या बायकांना इथं खोल्या देतात, मागेल तिला. मला राहायचं आहे. थंडी आवडायला लागली असं मुळीच समजू नका, आवडण्यासारखं तिच्यात काही नाही. पण पनवेलला आले की पोस्टमन गल्लीत वळला की सासूबाई माझ्या तोंडाकडे बघतील आणि मी त्यांच्या, आणि तुम्ही आम्हा दोघींच्या. इथं ओळीतल्या सगळ्यांचेच वर गेलेले असतील. इथं कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत बसणार नाही, सगळ्यांना पाणी भरायचं असतं. आणि शांतीला अक्षर येत नाही. तिच्या नवऱ्याला पत्र कोण लिहिणार? मी लिहिते म्हणून शब्द दिला आहे. आणखी तिघी-चौघींनी मला विचारून ठेवलं आहे. यांना मी अजून काही बोलले नाही. तुम्ही सासूबाईंना राजी केलंत की मग बोलेन. तुमच्या शब्दाबाहेर त्या जात नाहीत, हे त्यांना माहीत नसलं तरी आपल्याला माहीत आहे.

भामावहिनीस कमळाकरचा नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं होतं. पाकीट चिकटलं नव्हतं म्हणून वाचलं. दादाला पाठवू नका. आयेला सांगताना शकूनं हट्ट धरला असं सांगू नका. मी ठेवून गेलो असं सांगा. आये चिडली तर माझ्यावर चिडू दे. मला वर ऐकू येणार नाय.